हललेल्या माणसांचा मजला

आमच्या सोसायटीत आठव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, की समोर काळ्याकुट्ट पुरुषांची रांग उभी दिसते. डोक्याला फडकी बांधलेली, हातात फावडी नाहीतर तेलाच्या बुधल्या, आणि मागे धूर सोडणारं इंजिन. नवीन कुरिअरवाला हमखास एक पाऊल मागे घेतो आणि मजला चुकला असं समजून परत लिफ्टमध्ये शिरतो. हे फोटो लावणारे काका आता नाहीत. फोटो तिथंच आहेत आणि कुरिअरवाले अजून दचकतात.

काका माझे कोणी लागत नव्हते, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. ही इमारत जिथं उभी आहे तिथं आमची ज्वारी होती. बिल्डरला जमीन दिली, त्याने बदल्यात फ्लॅट दिले, त्यातला एक आठव्या मजल्यावरचा. म्हणजे मी आमच्याच वावराच्या वर, हवेत राहतो. हे कळलं त्या दिवसापासून काकांनी मला 'मालक' म्हणायला सुरुवात केली. लिफ्ट बंद पडली की म्हणायचे, "मालक, तुमच्या शेतात वीज नाही." नळाला गढूळ पाणी आलं की म्हणायचे, "मालक, विहिरीचा गाळ काढून घ्या." मी चिडत नाही हे लक्षात आल्यावर तर त्यांना चेवच आला.

सोसायटी त्यांना रेल्वेकाका म्हणायची. वास्तविक ते रेल्वेत एक दिवसही नव्हते. कुणी विचारलं, की सांगायचे, "मी रेल्वेत तिकीट काढून बसतो. संबंध एवढाच." जन्म घोरपडीचा, रुळांच्या कडेचा, नोकरी मात्र पेठेतल्या एका सहकारी बँकेत. उभी नोकरी त्या बँकेच्या काउंटरमागे काढल्याने जिभेला जी धार आली होती ती निवृत्तीबरोबर जमा करायची राहून गेली. मुलाने खराडीत फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः बंगळुरूला गेला, तेव्हा काका, काकू आणि ही काळी मंडळी अशी सगळी आमच्या शेजारी राहायला आली.

फोटो सगळे वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या कामगारांचे. इंजिनात कोळसा घालणारे आगवाले, इंजिन पुसणारे खलाशी, पाने घेऊन उभे असलेले फिटर. पण त्यांची खरी गंमत वेगळीच होती. प्रत्येक फोटोत कोणी ना कोणी हललेला होता. त्या काळी फोटोवाला कॅमेरा तिवईवर ठेवून भिंगाचं झाकण काढायचा, मनाशी आकडे मोजायचा आणि झाकण परत लावायचा. तेवढा वेळ सगळ्यांनी श्वास धरून उभं राहायचं. जो हलला त्याच्या मानेवर डोक्याऐवजी नुसता धूर उमटायचा.

कोणाचंही नाव माहीत नव्हतं, म्हणून काकांनी फोटोंखाली स्वतःच्या अक्षरात पट्ट्या चिकटवल्या होत्या. 'डावीकडून दुसरा हलला.' 'हाही हलला.' 'हा हलला नाही, पण लक्ष फोरमनकडे.' एका फोटोत पुढच्या खुर्चीवर बसलेला टोपीवाला साहेबच हलला होता, त्याच्याखाली होतं, 'साहेब असल्याने फोटो परत काढला असणार. तो मिळाल्यास कळवावे.'

पहिल्या वर्षी पितृपक्षात सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी या सगळ्यांना झेंडूचे हार घातले. जुने फोटो, काळे-पांढरे, माणसं गंभीर. तेव्हा हे काकांचे पूर्वज असणार असा त्यांचा साधा हिशेब. काका सकाळी दूध आणायला बाहेर पडले आणि तिथंच थांबले. मग एकेक हार उतरवून त्या बाईंच्या दारात नेऊन दिला. म्हणाले, "अहो, ही माणसं ड्युटीवर आहेत. ड्युटीवरच्या माणसाला हार घालत नाहीत, चहा विचारतात." जिना झाडणाऱ्या मावशींनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच कागदी कपात चहा आणून फोटोंखाली ठेवला. काकांनी तो उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि मंडळींच्या वतीने चहात आलं कमी असल्याची तक्रार केली.

सेक्रेटरींनी अर्थातच ईमेल पाठवली. आमचे सेक्रेटरी आयटीतले, वयाने तिशीचे, उत्साही आणि मनाने चांगले. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं 'सोल्युशन' काढायची सवय. सामाईक जागेत खाजगी वस्तू लावता येत नाहीत, शिवाय लहान मुलं घाबरतात, असं त्यांनी कळवलं. काका ईमेल छापून घेऊन त्यांच्याकडे गेले, सोबत मलाही साक्षीदार म्हणून नेलं. सामाईक जागेत चपलांची कपाटं चालतात, मोडक्या सायकली चालतात, चौथ्या मजल्यावर एक वाळलेली तुळस दोन दिवाळ्या चालली आहे, तेव्हा काम करणाऱ्या माणसांचंच तेवढं का चालत नाही, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. "राहू द्या की," मी म्हणालो, "भिंत मोकळीच हाय." मी त्यांच्या बाजूने बोललेलं हे एवढंच, पण काकांनी ते कायम लक्षात ठेवलं आणि पुढे कोणतंही काम सांगताना मला त्याची आठवण करून दिली.

या सगळ्या उद्योगामागचं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं आणि तेही काकूंकडून. काकांचे वडील घोरपडीच्या शेडमध्ये आगवाले होते. शेड म्हणजे इंजिनं जिथं मुक्कामाला यायची, धुतली-पुसली जायची ती जागा. काका रांगत होते तेव्हाच वडील तापाने गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटो काढण्याएवढी ऐपत नव्हती आणि नंतर सवड झाली नाही. म्हणजे हा गृहस्थ पंचाहत्तरीला आला तरी आपला बाप दिसायला कसा होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी एकदा काकांना विचारलं, की आईने कधी वर्णन करून सांगितलं नाही का. त्यावर म्हणाले, "आईला विचारलं की म्हणायची, होते चारचौघांसारखे. मग मी चारचौघांचे फोटो जमवायला लागलो."

पण आईने दोन-तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे मिशीची. भट्टीचं तोंड उघडलं की आतून झळ यायची, त्यामुळे वडिलांची उजवीकडची मिशी कायम जळकी असायची. डावी भरघोस आणि उजवी खुरटी. दुसरी गोष्ट अशी, की शेडच्या कामगारांचा एक फोटो निघाला होता, कोणातरी फोरमनच्या निरोपाच्या वेळी. त्यात वडील मागच्या रांगेत शेवटी उभे होते. आगवाल्याला दर थोड्या वेळाने मान वळवून वाफेचा काटा बघायची सवय असते. काटा खाली आला तर गाडी घाटात बसते आणि फार वर गेला तर त्याहून वाईट. वडील घरी जेवताना सुद्धा मागे वळून बघायचे. फोटोवाल्याने झाकण काढलं आणि मागे इंजिन उभं. यांनी सवयीने मान वळवली. फोटो आला तेव्हा आईने तो शेजाऱ्यांकडे पाहिला होता. सगळे आहेत, आमच्या ह्यांच्या सदऱ्यावर तेवढा धूर आहे, असं ती सांगायची. तो सदरा तिला ओळखू आला होता, कारण ठिणगीने जळलेल्या कोपरावर तिने स्वतः जुन्या चादरीचं चौकटीचं ठिगळ लावलं होतं.

तेव्हा काका शोधत होते तो फोटो हाच. जुन्या बाजारात लोक चांगले, स्वच्छ फोटो शोधतात, काका विचारायचे, "हललेला आहे का?" रविवारी मी त्यांना गाडीवरून तिथं घेऊन जात असे. तिथल्या जुन्या वस्तूवाल्याने सुरुवातीला त्यांना वेडा ठरवलं आणि नंतर गिऱ्हाईक ठरवलं. लांबून दिसलो की ओरडायचा, "काका, आज दोन हललेले काढून ठेवलेत." एकदा त्याने लग्नाचा फोटो पुढे केला, त्यात नवरदेवच हलला होता. काकांनी विचारलं, हा रेल्वेत होता का. तो म्हणाला, "ते माहीत नाही, पण पळायच्या बेतात होता." तोही फोटो काकांनी घेतला. तो आठव्या मजल्यावर शेवटच्या ओळीत आहे, खाली पट्टी, 'पाहुणे.'

आमचं म्हणाल तर मी या फेऱ्यांना चेष्टेने जायचो. परतताना मंडईजवळ मिसळ मिळायची, हेही एक कारण. एवढ्या मोठ्या पुण्यात पाण्याने, वाळवीने आणि भंगारवाल्यांनी सोडलेला पुठ्ठ्यावरचा नेमका तो एक फोटो या माणसाला सापडेल यावर माझा काडीइतका विश्वास नव्हता. काकांचाही नसावा. ते जायचे मात्र न चुकता.

आणि तो सापडला. कपबशांच्या खोक्याला तळाशी घातलेला पुठ्ठा होता, एका कोपऱ्याला पाणी लागलेलं. वस्तूवाल्याने तो फेकायलाच बाजूला काढला होता. काकांनी उचलला, उलटा केला, खिशातून भिंग काढलं आणि फोटोवर धरलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"मागची रांग, शेवटचा. कोपरावर काय दिसतंय?"

मी बघितलं. मानेवर धुराचा एक झुबका होता. खाली सदरा होता आणि कोपरावर चौकटी होत्या, बारीक, अगदी मोजता येतील अशा.

"चौकटी हायेत," मी म्हणालो.

"आईचं ठिगळ," काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी भाव केला नाही. वस्तूवाला घाबरला आणि काकांची तब्येत बरी आहे ना, असं त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. आम्ही मिसळ खायला बसलो, पण काकांनी पाव तसाच ठेवला. फोटो मांडीवर आडवा धरून बसले होते. म्हणाले, "आईने सांगितलंच होतं, की तोंड आलेलं नाही. पण तिला तिखटमीठ लावायची सवय. मला वाटलं होतं, निदान नाक तरी आलं असेल." मला त्या वेळी फार वाईट वाटलं. जन्मभर शोधून बाप सापडावा आणि त्याचं सगळं काही नीट यावं, फक्त तोंड येऊ नये, हे मला अजूनही कोणीतरी केलेल्या थट्टेसारखं वाटतं. त्यांच्या वाटचा पाव मी खाल्ला, कारण तो वाया गेलेला त्यांना खपला नसता.

तो फोटो लिफ्टच्या बरोबर समोर, मधोमध लागला. त्याखाली पट्टी नव्हती. मुलांनी विचारलं तर काका सांगायचे, "हे माझे वडील. काटा बघतायत."

काकू मला म्हणाल्या होत्या, की हे स्वतःसुद्धा जेवताना मागे वळून बघतात. यांच्या मागे फ्रीज आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन घास झाले की मान उजवीकडून मागे जायची आणि परत यायची. मी विषय काढला तर काका चिडले. "दार नीट लागत नाही त्याचं, म्हणून बघतो." फ्रीज नवीन होता, त्याचं दार उत्तम लागायचं.

मग पंचाहत्तरी आली. कार्यक्रम क्लबहाउसमध्ये ठेवला होता, मला वाटतं काका सोडून बाकी सगळ्यांच्या इच्छेने. शाल झाली, श्रीफळ झालं, केक झाला. सेक्रेटरी माइक घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, की काकांसाठी सोसायटीकडून एक सरप्राइज आहे. टेबलावर एक मोठी फ्रेम होती, वर साटीनचं कापड. काकूंना कापड ओढायला सांगितलं.

फोटो तोच होता, शेडचा. पण पाण्याचा डाग गेलेला, इंजिन चकचकीत, आणि मागच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला तोंड आलं होतं. चांगलं रुबाबदार तोंड. केस मागे बसवलेले, दोन्ही बाजूंना सारखी पीळदार मिशी, नजर सरळ समोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काकांकडे बघत होतो आणि ते फोटोकडे बघत होते. त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला होता, की मला वाटलं हा माणूस आता सगळ्यांसमोर रडणार. एवढी वर्षं त्यांना जे हवं होतं तेच समोर ठेवलेलं होतं, काच लावून.

सेक्रेटरी खुशीत सांगत होते, "काका, एआयने केलंय. रेफरन्सला तुमचेच जुने फोटो फीड केले, काकूंकडून गुपचूप घेतले. म्हणजे मॅक्झिमम मॅच येणारच ना."

काका आणखी पुढे झाले, चष्मा वर केला आणि जवळून बघितलं. मग मागे सरले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हे तोंड मी रोज दाढी करताना बघतो. त्यासाठी एवढी मोठी फ्रेम कशाला केलीत?"

सगळे हसले. सेक्रेटरींचा चेहरा मात्र उतरला. माणूस वाईट नव्हता, चार रात्री बसला होता म्हणे त्या फोटोवर. काकांच्या ते लक्षात आलं असावं. केक खाऊन लोक पांगल्यावर त्यांनी त्याला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. मी प्लेटी गोळा करत तिथंच होतो. काका म्हणाले, तुम्ही मनापासून केलंत हे मला दिसतं. मग बोट काचेवर ठेवलं, माणसाच्या कोपरावर. तिथं सदरा एकसारखा होता, पांढरा, इस्त्री केल्यासारखा. यंत्राला ते ठिगळ म्हणजे फोटोवरचा डाग वाटला होता आणि त्याने तो पुसून टाकला होता.

"तोंड दिलंत," काका म्हणाले, "आणि आईचं ठिगळ काढलंत."

सेक्रेटरी फोन काढून म्हणाले, "सॉरी काका, मला माहीत नव्हतं. परत टाकता येईल. अजून काही करेक्शन असेल तर सांगा, आत्ता करतो."

"मिशी चुकली आहे. उजवीकडची जळकी हवी."

"सोपं आहे, लिहून घेतो."

"नको," काका म्हणाले. "ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ती फ्रेम आठव्या मजल्यावर लागली, 'पाहुणे'च्या शेजारी. खाली पट्टी होती, 'सदर इसम शेडमध्ये कधीही कामाला नव्हता.' सेक्रेटरींनी ती वाचली आणि शहाण्यासारखे खाली निघून गेले. मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर काकांनी मिशी वाढवायला घेतली. जन्मभर तुळतुळीत दाढी करणारा माणूस, मिशी वाढली तीही पांढरी आणि आडदांड. थोडी भरल्यावर त्यांनी उजवी बाजू कात्रीने खुरटी केली. डावीकडे झुपका आणि उजवीकडे नुसते खुंट. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं मोतीबिंदू असेल, कोणी म्हणालं अर्धांगाचा हलका झटका असेल. वॉचमनने मला अदबीने एका चांगल्या सलूनचं नाव सांगितलं. काकू मात्र एकदाच बोलल्या, मी साखर परत करायला गेलो होतो तेव्हा. दोन मिनिटांत दाढी उरकायचे हे, आता बाथरूममधून बाहेर येत नाहीत. मी त्या आरशाजवळ जायचंच सोडून दिलंय, म्हणाल्या.

एका दुपारी मी गेटबाहेरचं माझं दुकान बंद करून जेवायला घरी आलो. तळमजल्यावर लिफ्ट उभी होती. आत काका होते, हातात दुधाची पिशवी. आमच्या लिफ्टच्या मागच्या भिंतीला पूर्ण आरसा आहे. काका दाराकडे पाठ करून आरशाकडे तोंड करून उभे होते. मी आत शिरलो आणि आठ नंबर दाबला. नेहमीचं 'मालक' आलं नाही. लिफ्ट चालू झाली तेव्हा मी बघितलं, की ते मान सावकाश उजवीकडून मागे नेतायत आणि डोळे तेवढे आरशावर ठेवतायत. मग मान तशीच परत आणून समोर धरली आणि हललेच नाहीत. खुरटी मिशी, कपाळावर दुपारचा घाम. पिशवीतून दुधाचे थेंब त्यांच्या चपलेवर पडत होते, तेही त्यांना कळत नव्हतं.

आठवा मजला आला, दार उघडलं. समोर मंडळी ड्युटीवर उभी होती.

"काका, आला आपला मजला," मी म्हणालो.

"तुम्ही उतरा, मालक," काका आरशाकडे बघतच म्हणाले. आवाज अगदी हळू होता, बाजूला कोणी झोपलेलं असावं तसा. "मी ह्यांच्याबरोबर जरा वरपर्यंत जाऊन येतो. आज हलत नाहीयेत."

मी उतरलो. लिफ्ट वर गेली, खाली गेली, परत वर गेली. आठव्यावर काही थांबली नाही.